शाखेच्या कॉम्प्युटरला पत्ता कोण देतं?

प्रश्न : नमस्कार मॅडम. आमचं मुख्य ऑफिस आणि शाखा यांत साधारण दोनशे किलोमीटरचं अंतर आहे. दोन्हीकडे स्वतंत्र इंटरनेट आहे. हिशेबाचं सॉफ्टवेअर मुख्य ऑफिसच्या सर्व्हरवर चालतं. शाखेतलं हजेरीचं यंत्र त्या सर्व्हरला सापडत नव्हतं, म्हणून नेटवर्कचं काम बघणाऱ्याने दोन्हीकडे एकेक रिमोट ब्रिज (लांबची दोन नेटवर्कं जोडून एकच करणारी पेटी) बसवला. हजेरी लगेच चालू झाली. पण तेव्हापासून शाखेतल्या काही कॉम्प्युटरवर इंटरनेट फार हळू चालतं, काहींवर व्यवस्थित. आणि हळू चालणारे कॉम्प्युटर रोज वेगळे असतात. कधी शाखेतली प्रिंट मुख्य ऑफिसात निघते. हिशेबाची फाइल उघडायलाही वेळ लागतो. लाइनचा वेग दुप्पट करून घ्यावा का?

उत्तर : आत्ता लाइनवर खर्च करू नका. तुमच्या पत्रातली ‘रोज वेगळे’ ही गोष्ट फार मोलाची आहे. लाइन कमी पडत असती तर सगळेच कॉम्प्युटर एकदम अडखळले असते.

उद्या सकाळी एवढं करा. हळू चालणाऱ्या एका कॉम्प्युटरवर कमांडची खिडकी उघडून ‘आयपीकॉन्फिग /ऑल’ चालवा. त्यात ‘डीफॉल्ट गेटवे’ (इंटरनेटकडे जायचं दार) आणि ‘डीएचसीपी सर्व्हर’ (कॉम्प्युटरला नेटवर्कवरचा पत्ता, म्हणजे आयपी पत्ता, देणारा) अशा दोन ओळी दिसतील. त्यांच्यापुढचे आकडे शाखेच्या राउटरचे आहेत की मुख्य ऑफिसच्या, ते बघा. मुख्य ऑफिसचे असतील तर दुखणं सापडलं. तो कॉम्प्युटर शाखेत बसून मुख्य ऑफिसच्या राउटरमार्फत इंटरनेट वापरतोय. प्रत्येक वेबपान आधी ब्रिजवरून दोनशे किलोमीटर पलीकडे जातं, तिथून बाहेर पडतं आणि त्याच वाटेने परत येतं.

हे का होतं, ते नीट समजून घ्या. पुढचा निर्णय त्यावरच अवलंबून आहे. ब्रिजला आयपी पत्त्यांशी काही देणंघेणं नसतं. तो प्रत्येक फ्रेमवरचा (फ्रेम म्हणजे माहितीचं एक पाकीट) ४८ बिटांचा मॅक पत्ता, म्हणजे यंत्राला कारखान्यातून मिळालेला पत्ता, वाचतो, कोणतं यंत्र कोणत्या बाजूला आहे हे टिपून ठेवतो आणि त्यानुसार फ्रेम पलीकडे सोडतो किंवा अडवतो. टिपलेली नोंद वापरात नसेल तर ठरावीक वेळाने पुसली जाते. मानकात हा वेळ ३०० सेकंद धरलेला आहे. रिमोट ब्रिज म्हणजे हेच काम दोन पेट्यांत वाटून दिलेलं, मध्ये लांबची लाइन. मात्र जी फ्रेम ‘सगळ्यांसाठी’ असते, म्हणजे ब्रॉडकास्ट, ती ब्रिजला पलीकडे पाठवावीच लागते. कॉम्प्युटर सुरू झाल्यावर ‘मला पत्ता कोण देतंय?’ अशी जी हाक मारतो, ती याच जातीची. तुमच्याकडे ती हाक आता दोन्ही ऑफिसांत ऐकू जाते, दोन्हीकडचे डीएचसीपी सर्व्हर उत्तर देतात, आणि ज्याचं उत्तर आधी येईल ते कॉम्प्युटर बहुधा स्वीकारतो.

जवळचा सर्व्हर हरतो कसा, असं तुम्हाला वाटेल. काही डीएचसीपी सर्व्हर पत्ता देण्याआधी तो कुणी वापरत नाही ना, हे पिंग करून, म्हणजे त्या पत्त्याला हाक देऊन, बघतात आणि त्यासाठी सेकंदभर थांबतात. लांबचा सर्व्हर तसं थांबत नसेल, तर वीस मिलिसेकंदांचा रस्ता कापूनही त्याचं उत्तर आधी पोचतं.

आणखी एक शक्यता तपासा. ऑफिसला येणारे बरेच राउटर कारखान्यातून १९२.१६८.१.१ हाच पत्ता घेऊन येतात. दोन्हीकडे तोच राहिला असेल तर एकाच नेटवर्कात एकाच पत्त्याचे दोन राउटर झाले. मग आयपीकॉन्फिगमध्ये गेटवे बरोबर दिसेल आणि तरी वाट चुकलेली असेल. अशा वेळी ‘एआरपी -ए’ ही कमांड द्या. गेटवेच्या पत्त्यासमोर जो मॅक पत्ता दिसेल तो शाखेच्या राउटरच्या पाठीवरच्या स्टिकरशी ताडून बघा. एकाच राउटरच्या वेगवेगळ्या पोर्टांचे मॅक पत्ते शेवटच्या अंकात थोडे वेगळे असू शकतात, तेवढा फरक सोडून द्या. आकडे अगदीच निराळे असतील तर उत्तर पलीकडच्या राउटरने दिलंय. दोघांपैकी कुणाचं उत्तर कोणत्या कॉम्प्युटरच्या लक्षात राहील याचा नेम नसतो, म्हणून तुमची यादी रोज बदलते.

तात्पुरता इलाज आजच होऊ शकतो. दोन्ही राउटरचे पत्ते वेगळे करा. डीएचसीपीतून वाटायचे पत्तेही विभागा, समजा मुख्य ऑफिसला ५० ते ९९ आणि शाखेला १५० ते १९९, आणि प्रत्येकाने आपापल्या बाजूचाच गेटवे सांगायचा. मग ब्रिजच्या फिल्टरमध्ये यूडीपी पोर्ट ६७ आणि ६८ अडवा, म्हणजे पत्ता मागणारी हाक पलीकडे जाणारच नाही. एवढ्याने इंटरनेटचं रडगाणं थांबेल.

पण मला विचाराल तर अख्ख्या ऑफिसासाठी तो ब्रिज ठेवूच नका. रिमोट ब्रिज हे एका विशिष्ट काळाच्या गरजेतून आलेलं साधन आहे. ऑफिसात १० मेगाबिटचं इथरनेट, बाहेर ६४ किलोबिटची लीज्ड लाइन, आणि नेटबीयूआय किंवा लॅटसारखे जुने प्रोटोकॉल (यंत्रांनी आपसात बोलायचे नियम), ज्यांच्यात नेटवर्कचा पत्ता अशी गोष्टच नव्हती. राउटर त्यांना पलीकडे नेऊ शकत नव्हता, म्हणून ब्रिज. त्या लाइनवर ६४ बाइटची सर्वांत छोटी फ्रेमसुद्धा आठ मिलिसेकंद घ्यायची, म्हणजे सेकंदाला सव्वाशे हाका आल्या की लाइन भरली. आजच्या लाइनला हाकांचं ओझं जाणवत नाही, त्यामुळे ब्रिज बसवला की पहिले काही दिवस सगळं छान वाटतं. त्रास वेगळ्या दाराने येतो. एका ऑफिसातली प्रत्येक चूक दुसऱ्याची होते. तुमची भलतीकडे निघणारी प्रिंट यातलीच. प्रिंटर शोधणारी हाकही पलीकडे जाते, तिकडचा प्रिंटर यादीत येतो आणि नाव सारखं दिसलं की माणूस तोच निवडतो.

यातली सर्वांत गंभीर गोष्ट म्हणजे वळसा. पुढे कधी कुणी सोयीसाठी दोन ऑफिसांत दुसरा दुवा जोडला, तर तीच फ्रेम एका दुव्याने जाईल आणि दुसऱ्याने परत येईल. आयपी पॅकेटवर आयुष्याचा आकडा असतो, प्रत्येक राउटरपाशी तो एकाने कमी होतो आणि शून्य झाला की पॅकेट मरतं. इथरनेटच्या फ्रेमवर असं काही नाही, ती फिरतच राहते. यावर रॅडिया पर्लमन यांनी १९८५ साली डीईसी या कॉम्प्युटर कंपनीत असताना स्पॅनिंग ट्री प्रोटोकॉल तयार केला, आणि १९९० मध्ये तो ८०२.१डी या मानकात आला. मला या क्षेत्रातल्या कामांपैकी ते सर्वांत सुंदर वाटतं, कारण कुणीही मध्यवर्ती हुकूम न देता ब्रिज आपापसात ठरवतात की कोणती वाट बंद ठेवायची. पण काही बोगदे (फ्रेमवर वेष्टण चढवून ती इंटरनेटवरून पलीकडे नेणारे दुवे) या प्रोटोकॉलच्या फ्रेम पलीकडे जाऊच देत नाहीत. मग दोन्हीकडच्या स्विचना वळसा दिसत नाही आणि दोन्ही ऑफिसं एकदम बंद पडतात.

म्हणून शाखेला वेगळं नेटवर्क द्या. मुख्य ऑफिस १९२.१६८.१०, शाखा १९२.१६८.२०, मध्ये दोन राउटरांमधला व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून जाणारा खाजगी बोगदा. हजेरीच्या यंत्रासाठी आधी त्याच्या सॉफ्टवेअरची सेटिंग बघा. यंत्र ‘शोधा’ या बटणाशेजारी पुष्कळदा पत्ता हाताने लिहायची जागा असते, फक्त कुणी तिकडे बघितलेलं नसतं. यंत्राच्या मेनूत गेटवे मात्र भरलेला हवा, नाहीतर ते दुसऱ्या नेटवर्कला उत्तर देऊ शकणार नाही. पत्ता लिहायची सोयच नसेल, तर ब्रिज ठेवा, पण तेवढ्या यंत्रापुरता. त्याला वेगळ्या व्हीलॅनमध्ये (त्याच स्विचवर आखलेलं स्वतंत्र नेटवर्क) टाका आणि तो एकच व्हीलॅन पलीकडे न्या. नेटवर्कवाल्यावर रागावू नका. हजेरी चालू करून द्या म्हटलं होतं, ती त्याने करून दिली.

असा छोटा ब्रिज ठेवलात तर फ्रेमचा आकार तपासा. साध्या इथरनेटच्या फ्रेममध्ये १५०० बाइटचा मजकूर मावतो, आणि बोगद्याचं वेष्टण त्यावर चढतं. व्हीएक्सलॅन या प्रकारच्या बोगद्याचं वेष्टण ५० बाइटचं असतं. मोठी फ्रेम मावली नाही तर लक्षण फसवं असतं. पिंग चालतं, लॉगिनची खिडकी येते आणि मोठा अहवाल मागितला की सगळं थिजतं. तपासायला ‘पिंग -एफ -एल १४७२’ आणि पुढे सर्व्हरचा पत्ता अशी कमांड द्या (कमांडमधली अक्षरं अर्थातच इंग्रजीत टाइप करायची). उत्तर आलं नाही तर आकडा उतरवत न्या, कुठे पास होतं ते कळेल.

हिशेबाच्या फाइलचं दुखणं यातल्या कशानेच जाणार नाही, वेग दुप्पट केल्यानेही नाही. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे तुमच्या अंतराला जाऊन-येऊन निदान दोन मिलिसेकंद. प्रत्यक्षात वळणावळणाने वीसही होतात. सर्व्हरवरची फाइल उघडताना प्रोग्रामने पाचशे वेळा विचारपूस केली, तर पाचशे गुणिले वीस, दहा सेकंद नुसती वाट बघण्यात गेले. प्रोग्राम मुख्य ऑफिसातल्या कॉम्प्युटरवरच चालू द्या आणि शाखेने तो रिमोट डेस्कटॉपवरून वापरावा. तेव्हा पलीकडून फक्त पडद्याचं चित्र येतं.

प्रश्न : आमच्या दोन इमारतींत एक किलोमीटर अंतर आहे. मधल्या जागेवरून रेडिओ ब्रिज लावला आहे, ५.८ गिगाहर्ट्झचा. समोरचा अँटेना स्पष्ट दिसतो, तरी पावसाळ्यात वेग निम्मा होतो. यंत्र खराब आहे का?

उत्तर : बहुधा नाही. अँटेना दिसणं पुरेसं नसतं. लहरी एका फुगीर पट्ट्यातून जातात, त्याला फ्रेनेल झोन म्हणतात. तुमच्या अंतराला आणि फ्रिक्वेन्सीला मध्यभागी त्याची त्रिज्या सुमारे ३.६ मीटर भरते आणि निदान साठ टक्के, म्हणजे सुमारे २.२ मीटर, मोकळी लागते. एवढ्या अंतरावर या फ्रिक्वेन्सीला पावसाचा फारसा त्रास होत नाही. त्रास होतो तो पावसाळ्यात वाढलेल्या आणि भिजलेल्या पानांचा. वाटेच्या कडेला झाड आहे का ते बघा. अँटेना दोन मीटर उचलता आला तर फांदी तोडायची गरज पडणार नाही. झाड नसेल तर केबलचा जोड उघडून आत पाणी शिरलंय का, ते तपासा.