लोहाराची भट्टी नेमकी कशी काम करते? कोळसा, गॅस, इंडक्शन यात फरक काय आणि शिकायला कोणती घ्यावी?

सोलापुरातनं लिहितोय, घरात शेतीची अवजारं घडवायचं काम आहे, विळे, खुरपी, ऊसतोडीचे कोयते, त्यामुळं रोज हाताखालनं जातंय तेवढंच सांगतो.

भट्टी म्हटलं की सगळे कोळशाचं विचारतात, पण खरं काम हवेचं असतंय. लोखंड घडवायला साधारण ९०० ते १२०० डिग्री लागतात, आणि तेवढं तापमान भात्यानं नाहीतर ब्लोअरनं हवा मारल्याशिवाय गाठता येत नाही. ही हवा नळीतनं खालनं किंवा बाजूनं आत येते. जिथं ती आत शिरते तिथं ऑक्सिजन भरपूर, त्यामुळं लोखंड तिथंच खुपसलं तर ते जळायला लागतं आणि नुसत्या खपल्या निघतात. त्याच्या वर चार-सहा इंच निखाऱ्याचा थर असला की हवेतला ऑक्सिजन निखाऱ्यातच संपतो, कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, आणि त्या मधल्या पट्ट्यात लोखंड झकास तापतं, खपलीपण कमी. नवीन पोरं पहिल्याच दिवशी विस्तव पातळ ठेवतात आणि ब्लोअर फुल सोडतात, मग म्हणतात पाता झिजला. थर जाड ठेवा, हवा बेताची द्या, निम्मं काम तिथंच झालं.

आता प्रकार. दगडी कोळशाची भट्टी सगळ्यात जास्त दिसते. कोळसा आधी पिवळट धूर सोडतो, फुगतो, एकमेकाला चिकटतो आणि त्याचा कोक होतो, खरी आच त्या कोकची. म्हणून कच्चा कोळसा कडेनं लावायचा, थोडं पाणी मारायचं आणि तयार होईल तसा आत सरकवत राहायचं. यातली राख वितळून तळाला काचेसारखा चिकट गोळा होतो, तो हवा अडवतो, भट्टी मंद वाटली की आधी तो काढा. कोकचं अजून एक, हवा बंद केली की थोड्या वेळात विझायला लागतो.

लाकडी कोळसा तसा नाही, हवा नसली तरी धुमसत राहतो, धूर नाही, गंधक जवळजवळ नाहीच, पोलादाला चांगला. आमच्याकडं वेड्या बाभळीचा मिळतो. पण भराभर संपतो आणि ठिणग्या फार उडतात. रस्त्याकडेला पाल टाकून बसणारे घिसाडी लोक जमिनीत एवढासा खड्डा आणि एक हाताचा पंखा यावर जे काम काढतात ते एकदा जवळ उभं राहून बघाच, भट्टी मोठी लागते हा समज तिथंच जातो.

गॅसची भट्टी म्हणजे आतनं सिरॅमिक लोकर किंवा भट्टीच्या विटा लावलेला डबा आणि एक बर्नर. सगळीकडं सारखी आच, स्वच्छ, चाकू-सुऱ्यांना उत्तम. फक्त लांब पहारीचं मधलंच तेवढं तापवायचं म्हटलं तर अडचण, आणि डब्यात मावेल तेवढंच काम. घरातला लाल सिलिंडर यासाठी वापरू नका, तो नियमात बसत नाही.

इंडक्शनमध्ये विस्तवच नाही. तांब्याच्या वेटोळ्यातनं वेगानं दिशा बदलणारा करंट जातो, आतल्या लोखंडातच करंट फिरतो आणि ते स्वतः तापतं, वेटोळ्यातनं मात्र पाणी खेळवत ठेवावं लागतं. काही सेकंदांत सळई पिवळी होते. एकसारखे शेकडो नग काढायचे तर याला तोड नाही, पण प्रत्येक आकाराला वेटोळं वेगळं, म्हणून कारखान्यातच जास्त.

तुम्हाला शिकायचंय तर माझं स्पष्ट मत, लाकडी कोळसा आणि हाताचा पंखा. विस्तव वाचायला शिकाल. जागा सावलीची बघा, उन्हात लोखंडाचा रंग कळत नाही, केशरी आहे का पांढरट, आणि पांढऱ्यावर फुलबाजीसारख्या ठिणग्या आल्या की तो तुकडा वाया गेला समजा. आमच्याकडं मे महिन्यात पारा ४० च्या वर जातो म्हणून आम्ही पहाटेच पेटवतो.

माल म्हणून भंगारातनं गाडीच्या कमानीचे पाटे, म्हणजे लीफ स्प्रिंगच्या पट्ट्या, आणा, पोलाद चांगलं असतंय. जस्ताचा मुलामा असलेला पाइप मात्र विस्तवात कधीच घालू नका, त्याचा पांढरा धूर विषारी असतो, आणि भट्टी कुठलीही असो, बंद खोलीत पेटवू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.