पाचरीला चाकू म्हणू नका

विचारणा अशी आहे: ‘हौस म्हणून घरी सुतारकाम करतो. नवा टेबल सॉ, म्हणजे टेबलाच्या फटीतून गोल पातं वर आलेलं करवतीचं यंत्र, घेतला. सोबतच्या मराठी माहितीपत्रकात रिव्हिंग नाइफला “फाडणारा चाकू” म्हटलंय, फेन्सला “कुंपण” आणि किकबॅकला “मागची लाथ”. बरोबर शब्द कोणते? आणि मायटर गेजला काय म्हणायचं?’

कुंपण आणि लाथ यांच्यावर वेळ घालवत नाही. जिच्या कडेला लाकूड टेकवून पुढे सारतात ती टेकपट्टी. फेन्स म्हणालात तरी सुताराला कळतं. कुंपण म्हणालात तर तो हसेल, एवढंच. पण ‘फाडणारा चाकू’ मी या वर्षात तिसऱ्यांदा ऐकतोय आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. चाकू म्हटलं की धार आली. नवख्या माणसाला वाटतं, पात्यामागे आणखी एक पातं कशाला, लागेल उगाच. मग तो पान्यानं बोल्ट सैल करतो आणि वाचवणारी वस्तू खणात टाकतो.

ही वस्तू काहीही फाडत नाही. तिला धार नसते. पात्याच्या पाठीशी, दातांपासून काही मिलिमीटर अंतरावर उभी असलेली पोलादाची वाकडी पट्टी, बस. तिची जाडी बघा म्हणजे काम कळेल: पात्याच्या पत्र्यापेक्षा जाड, पण दातांनी पाडलेल्या चिरेपेक्षा बारीक. नेहमीचं पूर्ण जाडीचं ब्लेड एक अष्टमांश इंच, म्हणजे सुताराच्या भाषेत बरोबर एक सूत लाकूड खातं. त्या एका सुताच्या फटीत ही पट्टी शिरते आणि फट मिटू देत नाही. लाकडात ताण कोंडलेला असतो. चिरलं की दोन्ही फाळक्या कधी बाहेर फाकतात, कधी आत मिटतात. मिटल्या की पातं आवळलं जातं. पुढचे दात खाली जात असतात, लाकडाला टेबलावर दाबत असतात. मागचे दात वर येत असतात. लाकूड त्या मागच्या दातांच्या तावडीत सापडलं की उचललं जातं आणि चालवणाऱ्याच्या अंगावर येतं. दहा इंची पातं मिनिटाला ४००० फेरे घेत असेल तर दातांचा वेग ताशी १९० किलोमीटर होतो. हाच तो किकबॅक. याला ‘उसळी’ म्हणा. लाथ मारायला कुणीतरी रागवावं लागतं.

आता शब्द. चिरेत घालून ती उघडी ठेवणाऱ्या वस्तूला मराठीत शब्द नाही, असं ज्यांना वाटतं त्यांनी बालपणी ऐकलेली पंचतंत्रातली एक गोष्ट आठवावी. माकड आणि पाचर! सुतार जेवायला गेले, अर्धवट चिरलेला ओंडका तसाच ठेवून; मिटू नये म्हणून मधे पाचर. माकडानं ती उपटली आणि फाळक्या मिटल्या. (शाळेत शेपूट अडकलं असं शिकवतात. मुळात अडकलं ते शेपूट नव्हतं, पण ते असो.) रिव्हिंग नाइफ काढून ठेवणारा गृहस्थ नेमकं काय करतो, हे यापेक्षा नीट कोणत्या माहितीपत्रकानं सांगितलंय?

आणि खरी गंमत हितोपदेशातल्या पाठात आहे. मगध देशात धर्मारण्याजवळ शुभदत्त नावाचा कायस्थ विहार बांधतोय, तिथला हा प्रसंग. पंचतंत्रात खांब नुसता अर्धा फाडलेला आहे, खैराची पाचर घातलेला. कशानं फाडला ते नाही. हितोपदेशात तो ‘करपत्रा’नं चिरला जातोय, आणि मधे ‘कीलक’ ठोकलाय ‘सूत्रधारा’नं. तिन्ही शब्द एका वाक्यात! सूत्रधार म्हणजे आपला सुतार, सूत धरणारा. नाटकातला नंतर बघू. आणि करपत्र म्हणजे करवत. मधल्या प चा व होतो, दीपचा दिवा, कपाटाचं कवाड, तसा; करपत्र, करवत्त, करवत. कर म्हणजे हात, पत्र म्हणजे पान. याच पत्राचं आपण ‘पातं’ केलं, गवताचंही आणि कांद्याची ‘पात’ही. म्हणजे ‘करवतीचं पातं’ म्हणताना आपण पान दोनदा म्हणतो. आणि ज्या यंत्राच्या जवळ हात न्यायचा नाही त्याच्या नावाची सुरुवात हातानं! विदर्भातल्या टसर साड्यांचे करवतकाठ याच दात्यांचे.

इथे एका संस्कृतज्ञ स्नेह्यांशी माझं जुनं भांडण आहे. त्यांचं म्हणणं, आरागिरणीतला ‘आरा’, म्हणजे मोठी करवत, हासुद्धा अस्सल संस्कृत, कारण अमरकोशात ‘आरा’ आहे. आहे ना. आणि तोही करवतीला खेटून: क्रकच (हीही करवतच), करपत्र आणि लगेच आरा. पण साहेब, ओळ पुरी वाचा. त्याच ओळीत पुढे ‘चर्मप्रभेदिका’ आहे. चामडं टोचणारी. ती चांभाराची आरी, तिचा लाकडाशी संबंध नाही. करवतीला फारसीत ‘अर्र’ म्हणतात. करवत ओढणाऱ्याला अर्र-कश, त्याचाच हिंदी-उर्दूत आराकश झाला. हत्यार धरणाऱ्या माणसाचं नाव हत्याराबरोबर येतं, म्हणून माझा कौल फारसीला. शेजारी राहतात म्हणून दोघांना भाऊ ठरवायचं, ही व्युत्पत्ती नव्हे. प्लॅट्सच्या उर्दू-हिंदी-इंग्रजी कोशातही आरा संस्कृतातून काढलाय हे मला माहीत आहे. तिथेही मला ते पटत नाही. स्नेह्यांनी वर ‘करवत’ हा शब्द करकर आवाजावरून आला असंही सांगून पाहिलं. आवाजाचा वास ‘क्रकच’ला येतो, करवतीला नाही. तिच्यात व कुठून आला ते आधी सांगा.

तर पाचर. यावर एकानं हरकत घेतली की ‘पाचर मारणे’ म्हणजे कामात खोडा घालणे, मग सुरक्षेच्या वस्तूला हे नाव कसं शोभेल? शोभतं. कुऱ्हाडीच्या दांड्यात मारली की पाचर घट्ट करते, चिरेत घातली की मोकळं ठेवते. वस्तू तीच, जागा वेगळी. वाक्प्रचारानं पहिली बाजू उचलली, म्हणून सुतारानं दुसरी सोडून द्यायची?

फरक करायचाच असेल तर एक करा. जुन्या यंत्रांवर पात्यामागे एका जागी खिळवलेली पट्टी असे, तिला इंग्रजीत स्प्लिटर म्हणतात. पातं खालीवर केलं तरी ती जागची हलत नाही. रिव्हिंग नाइफ पात्याबरोबर वरखाली होतो, कलतो. म्हणून पहिली ‘जागची पाचर’, दुसरी ‘चालती पाचर’. चालतीचं टोक पात्याच्या माथ्यापेक्षा जरा खाली असतं, त्यामुळे आरपार न जाणारी खाच पाडतानाही ती काढावी लागत नाही. जागची मात्र काढावी लागे, आणि काढली की परत कोण बसवतो.

आपल्याकडे हा प्रश्नच बऱ्याच ठिकाणी उद्भवत नाही. फ्लॅटचं फर्निचर चालू असेल तिथे डोकावा: प्लायवूडच्या टेबलाला खालून उलटा बसवलेला कटर, फटीतून वर आलेलं पातं. ना गार्ड, ना पाचर. तिथे शब्द शिकवायला गेलं तर कोण ऐकणार, हेही खरं.

‘चिरणं’ आणि ‘तोडणं’ हा जुना भेद मात्र जपा. रेषांच्या दिशेनं उभं ते चिरणं, रेषांना आडवं ते तोडणं. नुसतं ‘कापणं’ म्हटलं की दोन्ही एक वाटतात, आणि यंत्रावर दोन्हींची मांडणी वेगळी.

अरे हो, मायटर गेज राहिलं. टेबलाच्या खाचेतून सरकणारा तो गुण्याच आहे, सुतार काटकोन बघतो तो. ‘सरकता गुण्या’ म्हणा, कोणताही सुतार समजेल. चिरताना टेकपट्टी, तोडताना गुण्या. तोडताना दोन्ही एकदम लावू नका: सुटलेला तुकडा पातं आणि टेकपट्टी यांच्यात कोंडतो आणि उसळतो. गुण्या हा शब्द फारसी ‘गूनिया’तून आला आणि त्याच्यामागे ग्रीक ‘गोनिया’ आहे, म्हणजे कोपरा. आपला ‘कोन’ही तिथलाच, असं मी म्हणतो. स्नेही म्हणतात नाही. त्यावर पुन्हा कधीतरी.