बाराव्या फ्रेटची गिटार की चौदाव्या?

प्रश्न : मी दोन वर्षांपासून ॲकूस्टिक गिटार शिकत आहे. माझे हात आखूड असल्याने पहिल्या फ्रेटवरचे, म्हणजे नेकच्या (दांड्याच्या) टोकाकडील पहिल्या धातूच्या आडव्या पट्टीपाशी धरायचे कॉर्ड धरताना डावा खांदा ताणला जातो. ‘आखूड नेकची गिटार घ्या’ असा सल्ला मिळतो. परंतु काही गिटारींची नेक बाराव्या फ्रेटपाशी बॉडीला मिळते, तर काहींची चौदाव्या. हा फरक का पडला आणि मी कोणती निवडावी?

उत्तर : ‘आखूड नेक’ म्हणताना दोन निराळ्या गोष्टींची गल्लत होते. नटपासून (नेकच्या टोकाची खाचांची पट्टी) सॅडलपर्यंत (बॉडीवर तार जिच्यावर टेकते ती पट्टी) तारेची जी लांबी वाजते ती स्केल लेंग्थ. नेक बॉडीला कितव्या फ्रेटपाशी जोडली आहे, ही दुसरी गोष्ट. आपल्या खांद्याचा संबंध प्रामुख्याने दुसरीशी आहे.

एकोणिसाव्या शतकात स्पेनच्या आंतोनियो दे तोर्रेस यांच्या गिटारींमुळे साधारण ६५० मिलिमीटरची तार आणि बाराव्या फ्रेटवरचा जोड रूढ झाला, आणि क्लासिकल गिटारीने तो आजही सोडलेला नाही. पोलादी तारांच्या अमेरिकन गिटारीही बराच काळ याच वळणाच्या होत्या. १९२९ साली पेरी बेक्टेल या बँजोवादकाने मार्टिन कंपनीकडे वरच्या स्वरांपर्यंत हात सहज पोहोचेल अशी गिटार मागितली, तेव्हा कंपनीने तार लांबवली नाही, तर बॉडीचा नेककडचा भाग आखूड करून चौदा फ्रेट मोकळे केले. ‘ओएम’ या नावाने आलेली ही रचना इतकी पसंत पडली की १९३४ पर्यंत ड्रेडनॉट या मोठ्या बॉडीच्या गिटारीनेही ती स्वीकारली.

बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर असतो. ६४५ मिलिमीटरच्या तारेत जोडापासून सॅडलपर्यंतचे अंतर बारा फ्रेटच्या गिटारीत सुमारे ३२२, तर चौदाच्या गिटारीत २८७ मिलिमीटर भरते; म्हणजेच नट बॉडीपासून साडेतीन सेंटिमीटर लांब जातो आणि तेवढाच आपला हातही. बारा फ्रेटच्या गिटारीत ब्रिज (सॅडल ज्यावर बसते तो बॉडीवरचा लाकडी तुकडा) सहसा बॉडीच्या रुंद भागाच्या मध्याजवळ येतो, आणि तिचा खर्ज मला अधिक भरदार वाटतो.

याउलट, स्केल लेंग्थ ६४५ ऐवजी ६३२ मिलिमीटर घेतली तर पहिल्या चार फ्रेटांच्या पट्ट्यात जेमतेम पावणेतीन मिलिमीटर वाचतात. त्याच तारा त्याच स्वरात लावल्यास ताण मात्र सुमारे चार टक्के कमी होतो, आणि बॅरे (एकाच बोटाने अनेक तारा दाबणे) धरताना तो फरक बोटाला जाणवतो.

म्हणून आपण आधी बारा फ्रेटची गिटार मांडीवर घ्यावी, पहिल्या फ्रेटवर एफ कॉर्ड धरावा आणि कोपर बरगड्यांपासून किती दूर जाते ते पाहावे. खांदा सैल राहिला, तर स्केल लेंग्थची चिंता नको. बाराव्या फ्रेटच्या पलीकडे वारंवार वाजवत असाल, तर मात्र कटअवे (वरच्या फ्रेटांपर्यंत हात जावा म्हणून बॉडीला दिलेली खोबण) असलेलीच पाहा.