परत विचारलं तर चिकटपणा वाटेल का?

"ताई, मेसेज टाकून आठ दिवस झाले. निळ्या टिका आल्या आहेत, उत्तर नाही. परत विचारलं तर चिकट म्हणतील, नाही विचारलं तर काम जाईल."

मागे कंपनी नाही, मॅनेजर नाही, अशा कलाकारांकडून हा प्रश्न फार वेळा येतो. इथे सांगतो आहोत ती गोष्ट बडोद्याच्या एका गायिकेची. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. वय एकोणतीस, घर दांडिया बाजारात, गायनाची पदवी. नवरात्रीत गरब्याच्या ग्रुपमध्ये कोरस, लग्नसराईत संगीतसंध्या, आणि स्वतः केलेली चार मराठी-गुजराती गाणी. गाणी लोकांना आवडतच नाहीत, असा निष्कर्ष तिने मनाशी काढून ठेवला होता आणि तीन आठवडे रियाज बंद होता.

आधी झोप आणि भूक विचारली. दोन्ही ठीक होतं. तसं नसतं, झोप उडाली असती, सकाळी उठवतच नसतं, तर पुढचं काहीही सांगितलं नसतं. अशा वेळी मानसोपचारतज्ज्ञांना भेटायचं असतं, याद्या करत बसायचं नसतं.

मग तिचा फोन टेबलावर ठेवून दोघींनी पाहिला. सेव्ह केलेली नावं अशी: 'गरबा भाई', 'गरबा भाई २', 'रेडिओ सर', 'रेडिओ सर नवा नंबर', 'अलकापुरी कॅफे मिशीवाले'. अकरा महिन्यांत तिने चौसष्ट जणांना लिहिलं होतं. त्यातल्या एक्केचाळीस जणांना एकदाच, त्यानंतर काही नाही. चौदा जणांनी स्पष्ट नकार किंवा होकार दिला होता. उरलेले नऊ पाहून ती गप्प झाली. त्या नऊ जणांनी उत्तर दिलं होतं आणि पुढे तिनेच काही लिहिलं नव्हतं. एका गरबा आयोजकाने ३ ऑगस्टला "नवरात्री पछी वात करीए" (नवरात्रीनंतर बोलू) असं लिहिलं होतं. नवरात्र झाली, दिवाळी झाली, उत्तरायणाचे पतंग उडून गेले.

मेल उघडल्यावर आणखी एक गोष्ट सापडली. गाणी तिने ड्राइव्हच्या लिंकने पाठवली होती, पण फाइलची परवानगी 'रिस्ट्रिक्टेड' राहिली होती. तिघांनी ऐकण्यासाठी परवानगी मागितली होती आणि त्या तिन्ही मेल जाहिरातींच्या गर्दीत न उघडता पडून होत्या. म्हणजे त्या तिघांनी गाणं नाकारलं नव्हतं, त्यांना ते ऐकायलाच मिळालं नव्हतं. यावर उपाय सोपा आहे: परवानगी 'एनिवन विथ द लिंक' करायची आणि पाठवण्याआधी लिंक इन्कॉग्निटोमध्ये, म्हणजे आपलं खातं उघडं नसलेल्या ब्राउझरच्या खिडकीत, उघडून बघायची. वेव्ह, म्हणजे आकार कमी न केलेली मूळ ध्वनी-फाइल मेलला जोडायच्या भानगडीत पडू नये. सीडीच्या दर्जाची स्टिरिओ फाइल मिनिटाला साधारण दहा एमबी होते आणि जीमेलची मर्यादा पंचवीस एमबी आहे, त्यामुळे तीन मिनिटांचं गाणंही बसत नाही.

तिचा खरा अडसर मात्र वेगळा होता. "आमच्याकडे शिकवलंय, आपण होऊन काम मागायचं नाही. गाणं बोलेल." हा संस्कार खोटा आहे असं आम्ही म्हणत नाही. पण तो ज्या काळातून आला, त्या काळात बाकीचं काम दुसरं कुणीतरी करत होतं. याच शहरात सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने गवई मौलाबक्षांची गायनशाळा १८८६ मध्ये सुरू झाली. संस्थानात कलावंत कारखाना हे वेगळं खातं होतं आणि दरबारच्या गवई-वादकांच्या नेमणुका नि पगार त्या खात्यातून चालत. नोंदी कारकून ठेवायचे, म्हणून गवयाला मागायला जावं लागत नसे. आज ती वही कलाकारालाच सांभाळावी लागते. एवढं ऐकल्यावर ती म्हणाली, "म्हणजे मी मागत नाहीये, नोंद ठेवतेय." तिथून काम सुरू झालं.

आम्ही गूगल शीट वापरली. कागदाची वहीही चालते, पण वही तारखेप्रमाणे लावता येत नाही. रकाने नऊ: नाव, काम, शहर, फोन, ओळख कुठे झाली, शेवटचं बोलणं कधी, ते काय म्हणाले, पुढची तारीख, स्थिती. 'ते काय म्हणाले' हा रकाना त्यांच्याच शब्दांत लिहायचा. "इंटरेस्टेड वाटले" असं लिहिलं तर दोन महिन्यांनी त्याचा काही उपयोग नसतो. "शरद पौर्णिमेला लहान कार्यक्रम करायचाय, बजेट नाही" असं लिहिलं की पुढचा मेसेज त्यातूनच सुचतो. आणि चालू ओळीत पुढची तारीख कधीच रिकामी ठेवायची नाही.

सुरुवातीलाच दोन चुका होतात. फोनचा रकाना साधा मजकूर म्हणून ठेवला नाही तर सुरुवातीचं शून्य आणि अधिकचं चिन्ह गायब होतं. आणि शीटच्या सेटिंगमध्ये देश अमेरिका असेल तर ३/८ म्हणजे ८ मार्च धरलं जातं. देश आधी भारत करून घ्यावा, मग तारखा भराव्यात. नंतर पुढच्या तारखेच्या रकान्याला कंडिशनल फॉरमॅटिंगमध्ये 'डेट इज बिफोर', 'टुमॉरो' असा नियम लावून लाल रंग दिला की आजचं आणि उलटलेलं सगळं आपोआप लाल दिसतं.

कधी विचारायचं हे माणसाच्या कामाच्या ऋतूवर ठरतं. कॅफेला आठवडा पुरे. गरब्याच्या आयोजकाला नवरात्रीत आणि तिच्या आधीच्या आठवड्यात अजिबात हात लावू नये. गायक काही महिने आधीच ठरलेले असतात. मराठी मंडळांच्या दिवाळी पहाटेसाठी गणपती विसर्जनानंतर पितृपक्षात बोलावं, तेव्हा कार्यकर्त्यांना जरा उसंत असते. लग्नाच्या इव्हेंटवाल्यांसाठी कमुर्ता उत्तम, कारण डिसेंबरच्या मध्यापासून १४ जानेवारीपर्यंत लग्नं नसतात. स्पॉटिफायच्या संपादकीय प्लेलिस्टचं गणित पूर्ण वेगळं आहे. तिथे आठवण करायला माणूसच नाही. गाणं प्रसिद्ध होण्यापूर्वी, निदान सात दिवस आधी, आर्टिस्ट खात्यातून पिच करायचं, म्हणजे संपादकांना सुचवायचं; मग ते फॉलोअर्सच्या रिलीज रडार या नव्या गाण्यांच्या आपोआप बनणाऱ्या यादीतही जातं. त्यासाठी डिस्ट्रिब्युटरकडे, म्हणजे गाणी अशा ॲपवर पोचवणाऱ्या सेवेकडे, गाणं चार आठवडे आधी द्यावं असं आम्ही सांगतो. या तारखा वेगळ्या पानावर, प्रकाशनाच्या दिवसापासून उलट मोजून.

किती वेळा? पहिला मेसेज आणि नंतर दोन आठवणी. प्रत्येक आठवणीत काहीतरी नवं हवं: साठ सेकंदांची क्लिप, नवी तारीख, नुकताच झालेला कार्यक्रम. "सर, काही अपडेट?" या तीन शब्दांनी समोरच्याला फक्त अपराधी वाटतं, म्हणून तो गप्प राहतो. एका मराठी मंडळाच्या काकांना तिचा जुना मेसेज होता, "नमस्ते, मी सिंगर आहे, माझी गाणी प्लीज ऐका," आणि खाली चार लिंका. त्याच काकांना पुढे असं लिहिलं:

"नमस्कार काका. गणपतीत तुमच्या मंडळात भक्तिसंगीताला मी दुसऱ्या दिवशी गायले होते. दिवाळी पहाटेसाठी ९० मिनिटांचा कार्यक्रम तयार आहे, तबला आणि संवादिनीसह तिघं. एक मिनिटाची क्लिप सोबत आहे. गुरुवारी संध्याकाळी फोन केला तर चालेल?"

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर हो किंवा नाही असं एका शब्दात देता येतं, म्हणून ते येतं. दोन आठवणींनंतरही शांतता असेल तर "यंदा जमत नसेल तर काही हरकत नाही, पुढच्या वर्षी विचारेन" एवढं लिहून ओळ सहा महिने पुढे ढकलायची.

तिला वेळ ठरवून दिली: मंगळवार आणि शुक्रवार, सकाळी अकरा, पंचवीस मिनिटं, पाच मेसेज. मोजायचं ते किती पाठवले. उत्तरं किती आली हे आपल्या हातात नसतं, आणि ते मोजत बसलं की चौथ्या दिवशी हात गळतात. पहिल्या मंगळवारी तिचे दोनच गेले. दुसऱ्या आठवड्यात पाच.

चौथ्या आठवड्यात घोळ झाला. उत्साहात तिने फोनबुकातली सगळी नावं ओतली, ओळी एकशे चाळीसवर गेल्या, अर्धं पान लाल झालं आणि तिने शीट उघडणंच सोडलं. हे बहुतेकांचं होतं. हिशेब साधा आहे: आठवड्याला दहा मेसेज, तर चालू ओळी चाळीसच, म्हणजे प्रत्येकाकडे चार आठवड्यांनी फेरी येते. बाकीची नावं 'थंड' नावाच्या दुसऱ्या पानावर. चालू ओळ बंद झाली की तिथलं एक नाव इकडे आणायचं.

तीन महिन्यांत दोन कार्यक्रम ठरले. त्यातली एक दिवाळी पहाट, त्याच काकांच्या मंडळाची. अलकापुरीच्या कॅफेने नाही म्हटलं. ती ओळ बंद केली आणि त्या दिवशी ती रियाजाला बसली, हे तिने न विचारता सांगितलं.

३ ऑगस्टच्या आयोजकाला मेसेज लिहायला तिला सगळ्यात जास्त वेळ लागला. "गेल्या वर्षी नवरात्रीनंतर बोलू असं तुम्ही लिहिलं होतं, माझ्याकडून राहून गेलं," अशी सुरुवात केली, गुजरातीत. वीस मिनिटांत उत्तर आलं: यंदाचा ग्रुप ठरला आहे, दिवाळीनंतर फोन करा. तिने रकान्यात नुसतं 'दिवाळीनंतर' लिहिलं नाही. कॅलेंडर काढलं, लाभपाचम (दिवाळीनंतर गुजरातेत कामधंदे पुन्हा सुरू होतात तो दिवस) पाहिली आणि तिच्या पुढच्या पहिल्या मंगळवारची तारीख घातली.