खणण्यासाठी मिळालेले वर्ष

प्रिय मुला,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

रविवारी उपासनेनंतर पायऱ्यांवर बसून तू जे सांगितलेस, ते आठवडाभर माझ्या मनातून गेलेले नाही. भंवरकुआंच्या क्लासला तू तीन महिन्यांपासून जात नाहीस, फीचे पैसे मात्र आईकडून दर महिन्याला घेतोस, आणि रात्री गुडघे टेकून देवाची क्षमा मागतोस. खरा पश्चात्ताप अजून आतून दाटून येत नाही, तो येईपर्यंत थांबावे का, असे तू विचारलेस, आणि देव सहनशील आहे, हेही वर जोडलेस.

देव सहनशील आहे, हे मी तुला शिकवायला नको. पण त्या सहनशीलतेचा तू लावलेला अर्थ मला मान्य नाही. बायबलमधल्या पेत्राच्या दुसऱ्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात म्हटले आहे की, ज्याला लोक विलंब समजतात तो विलंब नव्हेच. कोणाचा नाश होऊ नये, सर्वांनी पश्चात्ताप करावा, म्हणून प्रभू धीर धरतो. धीर धरायचा तो त्याने, आपण वळायचे. तो थांबला आहे म्हणून आपणही थांबलो, तर मधले अंतर आहे तेवढेच राहील.

‘पश्चात्ताप’ या शब्दातला ‘ताप’ आपल्याला भुलवतो. होरपळ जाणवली नाही, तर काही घडलेच नाही असे वाटू लागते. इथे इंदूरमध्ये हिंदी उपासनेत तू तोच शब्द ‘मन फिराओ’ असा ऐकतोस, आणि तो मला अधिक जवळचा वाटतो, कारण नव्या कराराच्या मूळ ग्रीकमधल्या ‘मेटानोइया’चा अर्थ मन बदलणे असाच आहे, तर जुन्या करारातल्या संदेष्ट्यांच्या हिब्रू क्रियापदाचा साधा अर्थ परत फिरणे. येशूच्या दाखल्यातल्या, बापाची मालमत्ता उधळून बसलेल्या उधळ्या पुत्राला आधी भूक लागली होती. तो रडल्याचा लूकच्या पंधराव्या अध्यायात कुठेही उल्लेख नाही. तो उठला आणि बापाकडे निघाला. तू अजून उठलेला नाहीस.

अंजिराच्या झाडाचा दाखला तुला पाठ आहे. शिलोहाचा बुरूज कोसळून 18 माणसे मेली, त्याविषयी बोलल्यावर लगेचच येशूने तो सांगितला. तीन वर्षे फळ नाही, म्हणून मालक झाड तोडायला सांगतो, आणि माळी आणखी एक वर्ष मागून घेतो. त्या वर्षात तो झाडाभोवती खणणार आहे, खत घालणार आहे. मिळालेला अवधी म्हणजे कुदळीचे घाव सोसण्याचा अवधी. पुढे त्या झाडाचे काय झाले, हे प्रभूने सांगितलेले नाही.

मी हे एवढ्या हट्टाने का लिहितो, तेही सांगतो. तरुणपणी मी एका कचेरीत रोखपाल होतो. एकदा रोकड कमी भरली, संशय शिपायावर गेला आणि त्याची नोकरी गेली. चार महिन्यांनी माझ्याच बेरजेतली चूक मला सापडली. मी बोललो नाही. माझी नोकरी कायम झालेली नव्हती, घरात दोन लहान मुले होती, आणि माझ्या जागी दुसरा कोणी लगेच बोलला असता असे मला आजही वाटत नाही. पण मी नऊ वर्षे रोज प्रार्थना करीत राहिलो आणि त्या प्रार्थनेलाच पश्चात्ताप समजत राहिलो, हे मात्र कोणत्याही कारणाने झाकता येत नाही. शेवटी, फसवून घेतलेले चौपट परत करीन म्हणणाऱ्या जकातदार जक्कयाप्रमाणे, चौपट रक्कम घेऊन मी देवासला त्या शिपायाच्या घरी गेलो. त्याने पाणी दिले, सगळे ऐकून घेतले आणि पैसे परत माझ्या हातात ठेवले. मुलाची शाळा सुटली ती सुटलीच, एवढेच तो म्हणाला. देवाने मला नऊ वर्षे सांभाळून घेतले. त्या नऊ वर्षांची किंमत त्या मुलाने दिली.

तुझ्या प्रत्येक महिन्याची किंमत तुझी आई देते आहे. देवाजवळ तू रोज कबुली देतोस, ते मला ठाऊक आहे, पण पैसे त्याच्याकडून घेतलेले नाहीत. योग्य वेळेची वाट पाहू नकोस, पाळकसाहेबांशी आधी बोलायचे असे निमित्तही काढू नकोस. शनिवारी ती चारला घरी येते. तिला चहा होऊ दे, मग सांग, आणि उरलेले पैसे सोबत घेऊन बस. तुला हवे असेल तर मी ओट्यावर येऊन थांबेन. आत मात्र तुलाच जायचे आहे.

तुझा,
काका