अमेरिकेतून मँचेस्टरला येताना: ‘चहाला या’, किटली आणि ‘क्वाइट गुड’

न्यू जर्सीत बारा वर्षे काढल्यावर कंपनी आपल्याला मँचेस्टरला पाठवत आहे, आणि अमेरिकन माणसांना ब्रिटिशांचे बोलणे, खाणे आणि रोजच्या रीती कोड्यात का टाकतात, असे आपण विचारले आहे. लिफ्ट, लॉरी, क्रिस्प्स, बूट म्हणजे गाडीची डिकी, हे सगळे आपल्याला ठाऊक आहे असे मी धरून चालतो. भारतात शाळा शिकलेल्या माणसाला हे शब्द मुद्दाम शिकावे लागत नाहीत, उलट अमेरिकेत गेल्यावर विसरावे लागतात. पहिला मजला कोणता, हेही आपण येथे पुन्हा लहानपणीसारखेच मोजू लागाल. अनोळखी शब्द आला की माणूस विचारतो, त्यामुळे त्याने कोणाचे अडत नाही. ओळखीच्या शब्दापाशी मात्र कोणी थांबत नाही, आणि फसगत होते ती तिथे. एवढी साधी गोष्ट माझ्या दाजींनी आजतागायत मान्य केलेली नाही.

मी लीड्सला राहतो, ताई आणि दाजी न्यू जर्सीतल्या एडिसनला राहतात. ब्रिटिश माणूस पोटात एक आणि ओठात एक ठेवतो, असे दाजींचे ठाम मत आहे. हे मत त्यांनी आमच्याकडच्या एका शनिवारावर उभे केले असून कुटुंबातल्या प्रत्येक लग्नामुंजीत ते त्या शनिवारची गोष्ट सांगतात. त्यांची गोष्ट अर्धवट असते, म्हणून मी ती येथे पूर्ण सांगतो.

आमच्या शेजारी एक आजी राहतात. शाळेच्या स्वयंपाकघरात त्यांची उभी नोकरी झाली. अशा बायकांना साऱ्या देशात ‘डिनर लेडी’ म्हणतात, कारण शाळेत मिळणारे दुपारचे जेवण म्हणजे डिनर. उत्तर इंग्लंडमधल्या यॉर्कशायर आणि लँकेशायरच्या कष्टकरी घरांत अजूनही दुपारी डिनर असते आणि संध्याकाळी पाच-सहा वाजता ‘टी’ असतो. हा ‘टी’ म्हणजे दिवसाचे मुख्य, गरम, पोटभर जेवण. ताई आणि दाजी आले आहेत हे कळल्यावर आजींनी कुंपणाच्या बुटक्या भिंतीवरून सांगितले की शनिवारी पाच वाजता सगळ्यांनी चहाला यावे, आणि जाता जाता मला हळूच विचारून घेतले की तुमच्या पाहुण्यांना गोमांस चालत नसेल ना.

मी घरात येऊन दाजींना स्पष्ट सांगितले की हे जेवणाचे आमंत्रण आहे, दुपारी हात राखून जेवा. दाजी म्हणाले, “अरे, तू मला इंग्रजी शिकवणार का आता?” लंडनच्या मोठ्या हॉटेलांतला दुपारचा चहा त्यांनी चित्रांत पाहिलेला होता: तीन मजली थाळी, बोटाएवढी काकडीची सँडविचे, स्कोन आणि जॅम. चिमणीच्या घासाने आपले काय होणार, असे म्हणून त्यांनी शनिवारी दुपारी सगळ्यांना ब्रॅडफर्डला नेले, तिथे कढई गोश्त आणि खुंटीवर टांगून आणतात तसले लांबलचक नान मागवले, आणि तीन वाजता आम्ही तिथून अक्षरशः उठवत नसताना उठलो.

पाच वाजता आजींच्या टेबलावर एक खोल, जाड भांडे होते. खाली खिमा आणि वर कुस्करलेल्या बटाट्याचा थर. त्या थरावर काट्याने ओढलेल्या रेघा होत्या, आणि रेघांच्या कडा भट्टीत तपकिरी, कुरकुरीत झाल्या होत्या. हा खिमा गाईचा असला तर त्या पदार्थाला कॉटेज पाय म्हणतात आणि मेंढीचा असला तर शेफर्ड्स पाय. आजींनी शेफर्ड्स पाय केला होता. बाजूला वाटाणे, गाजरे आणि ग्रेव्हीचा जग होता, आणि मागे ओट्यावर सफरचंदाचे क्रंबल व कस्टर्ड वाट पाहत होते. दाजींनी दोन घास खाल्ले, वाटाणे ताटाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत फिरवले आणि मनापासून म्हणाले, “धिस इज क्वाइट गुड.”

अमेरिकेत ही शाबासकी झाली. येथे मात्र ‘क्वाइट गुड’ म्हणजे ठीक आहे, खाण्याजोगे आहे, याहून बरे खाल्ले आहे. आजींचा वाढण्याचा चमचा क्षणभर भांड्यावरच थबकला. मग त्या अगदी गोड आवाजात म्हणाल्या की संपवलेच पाहिजे असे काही नाही, आणि दाजींचे ताट उचलून घेऊन गेल्या. दाजींना वाटले, किती समजूतदार बाई आहे. घरी आल्यावर मी त्यांना काय घडले ते सांगितले, तेव्हा त्यांचा पारा चढला: वाईट वाटले तर तोंडावर सांगावे, हसून ताट उचलणे हा दांभिकपणा आहे, आणि चहाला बोलावून मेंढी खाऊ घालणे ही फसवणूक आहे.

या वादात दाजी नेहमी कोरियाच्या युद्धाचा दाखला देतात, आणि दाखला खरा आहे. एप्रिल १९५१ मध्ये इम्जिन नदीच्या काठावर चिनी फौजेने ब्रिटिश तुकड्यांना घेरले असताना ब्रिगेडियर टॉम ब्रॉडी यांनी आपल्या अमेरिकन वरिष्ठाला परिस्थिती ‘अ बिट स्टिकी’ आहे असे कळवले. ब्रिटिश कानाला याचा अर्थ गळ्याशी आले आहे असा होतो. अमेरिकन वरिष्ठाला वाटले, थोडे कठीण दिसते पण निभावते आहे. ग्लॉस्टरशायर रेजिमेंटची बटालियन टेकडीवर अडकली आणि तिचे बहुतेक सैनिक मारले गेले किंवा कैद झाले. दाजींच्या मते यावरून ब्रिटिशांचे आडून बोलणे सिद्ध होते. माझ्या मते यावरून एवढेच सिद्ध होते की समोरचा माणूस आपलीच भाषा बोलतो, ही अमेरिकन समजूत महागात पडते. ब्रॉडी यांच्या जागी जर्मन किंवा तुर्की अधिकारी असता तर त्या अमेरिकनाने दुभाषा बोलावून दोनदा खात्री करून घेतली असती. आपण मराठी माणसे येथे येताना इंग्रजी परकी आहे हे धरूनच येतो, प्रत्येक वाक्य थोडे तपासून घेतो, आणि म्हणून कमी फसतो. दाजींनी एडिसनला जाऊन ही सवय सोडली, एवढेच.

कार्यालयात आपल्याला हे रोज भेटेल. एखादा मुद्दा ‘टेबल’ करू असे कोणी म्हणाले तर येथे तो आता चर्चेला घ्यायचा असतो, अमेरिकेत तो बाजूला ठेवायचा असतो. दुसऱ्या महायुद्धात दोन्हीकडचे सेनाधिकारी याच शब्दावरून बराच वेळ भांडले आणि मग लक्षात आले की दोघांनाही एकच हवे आहे, असे चर्चिल यांनी लिहून ठेवले आहे. आपली कल्पना ‘इंटरेस्टिंग’ ठरली तर ती मेली असे समजावे. ‘विथ रिस्पेक्ट’ ऐकू आले तर समोरच्याला आपण मूर्ख वाटत आहात. ‘नॉट बॅड’ मात्र चांगली दाद आहे, ती पदरात पाडून घ्यावी. सकाळी सहकारी ‘यू ऑलराइट?’ म्हणेल तेव्हा चेहरा उतरलेला दिसतो की काय, अशी शंका अमेरिकनांना येते. ते आपल्याकडच्या ‘काय म्हणता?’सारखे आहे, उत्तरादाखल तेच परत म्हणावे आणि चालत राहावे.

दाजींचा दुसरा आरोप असा की हा देश मागासलेला आहे: बेसिनला थंड आणि गरम पाण्याचे दोन वेगळे नळ, स्वयंपाकघरात कपडे धुण्याचे यंत्र, न्हाणीघरात एक धड सॉकेट नाही, दिव्याला दोरी आणि बाकी घरात प्रत्येक सॉकेटशेजारी बटण. यातल्या प्रत्येक गोष्टीला कारण आहे. जुन्या घरांत गरम पाणी माळ्यावरच्या टाकीतून उतरून येत असे आणि थंड पाणी थेट रस्त्याखालच्या मुख्य जलवाहिनीतून. टाकीतले पाणी पिण्याच्या पाण्यात मिसळू नये म्हणून दोन्ही वेगळी ठेवण्याचा दंडक होता. येथल्या सॉकेटमध्ये २३० व्होल्ट असतात, त्यामुळे ओल्या खोलीत दाढीच्या यंत्रापुरत्या सॉकेटखेरीज दुसरे सहसा बसवत नाहीत, आणि म्हणून धुण्याचे यंत्र जिथे पाणीही आहे आणि वीजही आहे तिथे, म्हणजे स्वयंपाकघरात जाते. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये वाढलेल्या माणसाने सॉकेटशेजारच्या बटणाला नावे ठेवावीत, याचे मला जास्त नवल वाटते.

याच २३० व्होल्टांमुळे किटलीचे प्रस्थ आहे. अमेरिकेत १२० व्होल्टांच्या साध्या सॉकेटवर किटली साधारण १,५०० वॉटची चालते. येथे १३ अँपिअरच्या प्लगवर ती ३,००० वॉटची असते, आणि एक लिटर पाणी दोन-अडीच मिनिटांत उकळते. ज्याला उकळत्या पाण्यासाठी दुप्पट वेळ थांबावे लागते तो कप मायक्रोवेव्हमध्ये ठेवणार, हे मी समजू शकतो, पण त्याने ती पद्धत दुसऱ्याच्या घरात चालवू नये. जानेवारी २०२४ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या ब्रिन मॉर कॉलेजच्या एका रसायनशास्त्राच्या प्राध्यापिकेने चहात चिमूटभर मीठ घालावे असे सुचवले, तेव्हा लंडनच्या अमेरिकन वकिलातीने थट्टेने जाहीर केले की आम्ही चहा योग्य रीतीने, म्हणजे मायक्रोवेव्हमध्येच, करत राहू. दाजींनी ते पत्रक कुटुंबाच्या ग्रुपवर पुरावा म्हणून पाठवले. ब्रिटिश सरकारच्या कॅबिनेट ऑफिसने चहा किटलीनेच होतो असे लगेच बजावले होते, ते मात्र त्यांनी पाठवले नाही, मी पाठवले.

किटली हा येथे विनोदाचा विषय नाही, वीजपुरवठ्याचा विषय आहे. ४ जुलै १९९० रोजी फुटबॉल विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात इंग्लंड पश्चिम जर्मनीकडून पेनल्टींवर हरले, आणि खेळ संपताच देशाची विजेची मागणी सुमारे २,८०० मेगावॉटने उसळली, कारण घरोघरी लोक उठून चहाला लागले. आपल्या कोयना प्रकल्पाची सगळी क्षमता १,९६० मेगावॉट आहे, यावरून अंदाज यावा. अशा क्षणासाठी वेल्समध्ये डिनोर्विग येथे डोंगराच्या पोटात जलविद्युत केंद्र सज्ज ठेवलेले असते, ते काही सेकंदांत पूर्ण ताकदीने चालू होते.

खाण्याबद्दल थोडक्यात सांगतो. टोस्टवर डब्यातले बीन्स पाहून अमेरिकन नाक मुरडतात, पण ते बीन्स विकणारी हाइन्झ ही मुळात पिट्सबर्गची कंपनी आहे; १८८६ साली तिचा माल लंडनच्या फोर्टनम अँड मेसन या उंची दुकानात पोहोचला आणि आज तिचा प्रचंड कारखाना आपल्या मँचेस्टरपासून जवळच, विगनला आहे. येथले बीन्स कमी गोड असतात, त्यांत डुकराचे मांस नसते, आणि लोणी लावलेल्या टोस्टवर वरून थोडे तिखट टाकले तर ते आपल्या जिभेला लवकर जमतात. अंडी दुकानात फ्रिजबाहेर असतात, कारण अमेरिकेप्रमाणे ती धुतलेली नसतात आणि त्यांचे नैसर्गिक आवरण शाबूत असते. ‘पुडिंग’ हे गोड असेल, यॉर्कशायर पुडिंगसारखे बिनगोडाचे असेल किंवा ब्लॅक पुडिंगसारखे रक्ताचे असेल. विचारल्याशिवाय घेऊ नये. मिन्स पायमध्ये खिमा नसतो, तरी जुन्या पद्धतीच्या मिन्स पायमध्ये आणि ख्रिसमस पुडिंगमध्ये गाईची चरबी असते, तेव्हा वेष्टनावर ‘व्हेजिटेबल सुएट’, म्हणजे वनस्पतीची चरबी, असे लिहिले आहे का, ते पाहावे. मँचेस्टरमध्ये पावाला ‘बार्म’ म्हणतात. आमच्याकडे लीड्सला तोच ‘ब्रेडकेक’ होतो, आणि यावरून दोन्ही गावे अमेरिकेशिवायही भांडू शकतात.

पबमध्ये मात्र सांभाळावे. पाच जण गेले की आलटून पालटून प्रत्येकाने सगळ्यांसाठी आणायचे असते, आणि आपण फक्त संत्र्याचा रस घेतला तरी आपली पाळी चुकवायची नाही. जो पाळी चुकवतो त्याला कोणी तोंडावर बोलत नाही, पण त्याची आठवण वर्षानुवर्षे ठेवली जाते. गल्ल्यावर टिप ठेवण्याची गरज नाही.

मी हे उत्तरेचे सांगत आहे, हे नमूद करायला हवे. लंडनमध्ये ‘टी’चा अर्थ बहुतेक घरांत चहाच असेल आणि तिथे आपल्याला येथल्याप्रमाणे बसचालक ‘लव्ह’ म्हणणार नाही. स्कॉटलंडमध्ये माझी निम्मी विधाने टिकणार नाहीत. तरुण मंडळी अमेरिकन मालिका पाहून वाढली आहेत, त्यांच्या तोंडी ‘क्वाइट गुड’ कधी कधी दाजींच्या अर्थानेही येते, हे मी दाजींना अद्याप सांगितलेले नाही. शिवाय सगळेच ब्रिटिश आडून बोलतात असेही नाही. यॉर्कशायरचे लोक फटकळ म्हणून प्रसिद्ध आहेत आणि आजींनी पुढच्या आठवड्यात मला कुंपणावरून विचारलेच की तुझ्या मेहुण्याचे पोट बरे आहे ना.

तेव्हा शेजाऱ्यांनी चहाला बोलावले तर वेळ विचारा. चार म्हणाले तर बिस्किटे, पाच किंवा त्यानंतरची वेळ असली तर उपाशी जा आणि पदार्थाला ‘लव्हली’ म्हणा. अमेरिकेतली किटली बरोबर आणू नका. १२० व्होल्टांची ती किटली येथे जळून जाईल, आणि तिला पुरेल एवढा ट्रान्सफॉर्मर तिच्याहून महाग व जड पडतो. येथे पंधरा-वीस पौंडांत चांगली मिळते. दाजींनाही मी हेच सांगितले होते, तेव्हाही ते म्हणाले होते की वीज सगळीकडे सारखीच असते.