फॅमिली डॉक्टर निवडताना पाटी नीट वाचा

नवीन भागात राहायला आलात ना, मग आजारी पडायच्या आधीच डॉक्टर बघून ठेवा. पाटीवरची पदवी वाचा. महाराष्ट्रात एमबीबीएसची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे असते, बीएएमएसची (आयुर्वेदाची पदवी) महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे. एमबीबीएस डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक दवाखान्यात आणि प्रिस्क्रिप्शनवर असायलाच हवा. दिसला नाही तर बिनधास्त विचारा, चांगला डॉक्टर रागावत नाही. फॅमिली मेडिसिनमध्ये डीएनबी ही पदव्युत्तर पदवी असेल तर उत्तमच, एमबीबीएसनंतर ३ वर्षं त्याच कामाचं शिक्षण झालेलं असतं. पण मी तरी आणखी एक गोष्ट बघतेच: आईच्या बीपीच्या गोळ्यांची पट्टी डॉक्टर हातात घेऊन, उलटून वाचतात का? आणि रात्री-अपरात्री फोन कुणाला करायचा, हे पहिल्याच भेटीत विचारून घ्या.